पाणी मिठामागं जातं

गेल्या डिसेंबरमधल्या एका गुरुवारची रात्र. बायको ऑफिसच्या कामासाठी रियाधला गेली होती आणि अबू धाबीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि चार वर्षांची चिऊ, दोघंच. शाळेत पोटाची साथ चालू असल्याचा मेसेज पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होता, पण मी तो नुसता वाचून सोडून दिला होता. रात्री अकराला चिऊला पहिला जुलाब झाला. दोन वाजेपर्यंत चार झाले.

घरात ओआरएसचं पाकीट नव्हतं. फ्रिजमध्ये सफरचंदाच्या रसाचा मोठा डबा होता. मी विचार केला, अंगातलं पाणी जातंय, म्हणजे पातळ काहीतरी पोटात जायला हवं. रस तिला आवडतो, थोडी ताकदही येईल. दोन ग्लास पाजले. तिनं आनंदानं प्यायले आणि मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

पहाटेपर्यंत प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. आता नुसतं पाणी पडत होतं. सहा वाजता, म्हणजे सांगलीकडे साडेसातला, आईचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. माझा चेहरा बघूनच तिनं ओळखलं.

"काय दिलंस तिला?"

"ज्यूस दिला रात्री."

"गोड?"

"ज्यूस गोडच असतो की गं."

"मग आधी बंद कर ते. गोडानं ढाळ वाढतेत. मीठ-साखरेचं पाणी कर."

मी फोन ओट्यावर उभा केला, ग्लासात पाणी घेतलं, भसाभस साखर टाकली, चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळायला लागलो.

"थांब. किती घातलीस?"

"अंदाजानं घातली."

"अंदाज माझा चालतो, तुझा न्हाई. ओत ते. चमचा आण आणि लिटरची बाटली आण."

आईचं शिक्षण सातवीपर्यंत. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. बारावीला गणित घेऊन बायोलॉजीला रामराम ठोकला तो कायमचा. त्या सकाळी आमच्या दोघांत शास्त्र कुणाला कळत होतं, हे वेगळं सांगायला नको. एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. नर्सबाई गावात येऊन शिकवून गेल्या होत्या, ते माप तिला अजून तोंडपाठ होतं. दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजत बसलो.

नऊ वाजता क्लिनिक उघडलं. तिथल्या डॉक्टर बाई केरळच्या. त्यांनी चिऊला तपासलं, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. मग मला विचारलं की रात्री काय दिलं. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनानं एक चौकोन काढला, मधे उभी तुटक रेघ मारली, एका बाजूला भरपूर ठिपके काढले, दुसऱ्या बाजूला थोडे. थोड्या ठिपक्यांकडून जास्त ठिपक्यांकडे एक बाण काढला आणि म्हणाल्या, पाण्याला स्वतःचं मन नसतं, जिकडे जास्त विरघळलेलं असतं तिकडे ते जातं. तुम्ही रात्री तिच्या आतड्यात साखर ओतलीत, पाणी अंगातून आतड्यात आलं.

तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. आज सांगायची गोष्ट त्या बाणाची आहे, कारण पुढच्या काही महिन्यांत तो बाण मला भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला.

या बाणाला ऑस्मॉसिस म्हणतात. मराठी शाळेत आपण त्याला परासरण म्हणत होतो. आठवतोय का बेदाण्याचा प्रयोग? आमचा तर तासगावच्या शेजारचा मुलूख, त्यामुळे वर्गात बेदाण्यांची कमी नव्हती, प्रयोगापेक्षा पोटातच जास्त जायचे. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा टम्म फुगतो. तोच नंतर मिठाच्या दाट पाण्यात टाकला की पुन्हा आक्रसतो. बेदाण्याच्या सालीतून पाणी सहज ये-जा करतं, पण आतली साखर तितक्या सहज बाहेर पडत नाही. आत साखर जास्त म्हणून पाणी आत येतं, बाहेर मीठ जास्त झालं की पाणी बाहेर जातं.

आता पाणी जातं म्हणजे नेमकं काय होतं? पाण्याचे रेणू सतत इकडून तिकडे धावत असतात, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी. दोन्हीकडे साधं पाणी असेल तर जितके जातात तितके येतात, हिशेब शून्य. एका बाजूला मीठ किंवा साखर विरघळली की त्या बाजूला पाणी तेवढं विरळ झालं. तिकडून परत येणारे रेणू कमी पडतात, जाणारे तेवढेच राहतात. म्हणजे कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, जमा-खर्चात फरक पडतो एवढंच.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट नोंदवली ती झाँ-आंत्वान नॉले या फ्रेंच धर्मगुरूनं, १७४८ साली. त्यानं मद्यार्कानं भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यानं बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. थोड्या वेळानं पडदा फुगून वर आला. पुढे व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञानं या दाबाचं गणित बसवलं. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे असाच एक बेदाणा. पेशीच्या पडद्यातून पाणी थोडंफार आपोआप झिरपतं. पण मूत्रपिंडासारख्या ठिकाणी त्याला खास दारं असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. एका दारातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, पण मीठ जाऊ शकत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इतकी चोख फायरवॉल मी आजवर पाहिली नाही. हे दार शोधल्याबद्दल पीटर अॅग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं.

सलाइनची बाटली आपण सगळ्यांनी पाहिलीय. त्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. हा आकडा उगाच नाही. तेवढ्या मिठात रक्तातल्या लाल पेशी ना फुगतात ना आक्रसतात. त्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी शिरेतून दिलं तर पेशींत पाणी शिरून त्या फुटतील. मिठाचं प्रमाण फार वाढवलं तर त्या वाळक्या बोरासारख्या होतील. पाणी चांगलं की मीठ चांगलं, हा प्रश्नच चुकीचा. माप काय, एवढाच प्रश्न.

आपल्या आयांना हे पुस्तकाविना माहीत होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो. ते फोडींच्या पेशींतलंच पाणी. बरणीत चुकून उरलेल्या जंतूंचंही तेच होतं, बाहेरच्या मिठामुळे त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि त्यांना वाढता येत नाही. म्हणून मीठ कमी पडलेलं लोणचं बिघडतं. मुरांब्यात तेच काम साखर करते. कारल्याला मीठ चोळून ठेवायचं, काकडीच्या कोशिंबिरीत मात्र मीठ अगदी पानं वाढताना घालायचं, हे दोन्ही नियम एकाच बाणाचे.

जाता जाता एक गैरसमजही काढून टाकतो. पोहून आल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात ते ऑस्मॉसिसमुळे, असं मलाही वाटायचं. तसं नाही. बोटाची नस कापली गेली असेल तर त्या बोटाला पाण्यात नेहमीसारख्या सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे ते काम मज्जासंस्थेचं, नुसत्या पाण्याचं नाही.

पुन्हा चिऊकडे येतो. साखरेनं पाणी आतड्यात ओढलं जातं, तर मग मीठ-साखरेच्या पाण्यात साखर का घालायची? हा प्रश्न मी डॉक्टर बाईंना विचारला आणि त्यांचं उत्तर ऐकून खरोखर थक्क झालो. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक खास वाट असते. तिच्यातून ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण जोडीनंच आत जातात. एकटं मीठ या वाटेनं जात नाही, एकटं ग्लुकोजही जात नाही. जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी आत जातं. कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते. म्हणजे थोडी साखर ही मिठाला आत नेणारी सोबतीण. पण ती गरजेपेक्षा जास्त झाली की आत जायचं सोडून आतड्यातच बसून राहते आणि पाण्याला उलट बाहेर बोलावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये लिटरमागे ग्लुकोज आहे १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. सफरचंदाच्या रसात लिटरमागे साखर असते १०० ग्रॅमच्या आसपास आणि मीठ जवळजवळ नाहीच. मी रात्री काय केलं होतं ते त्या आकड्यांवरून कळलं आणि पोटात खड्डा पडला.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून माणसांपर्यंत पोचलं त्यात आपल्या एका भारतीय डॉक्टरांचा मोठा हात आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायची सलाइन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं, ते पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या गावात आलेल्या नर्सबाईंचं माप त्याच वाटेनं आलेलं.

भारतातल्या नातेवाइकांसाठी एक सूचना. नावात ओआरएस लावलेली गोड पेयं बाजारात वर्षानुवर्षं विकली गेली. त्यात साखर कितीतरी जास्त. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा. आणि पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच. ग्लासभर पाण्यात आख्खं पाकीट घातलं की पुन्हा तीच माझी चूक. मूल मरगळलं, रडताना डोळ्यांतून पाणी येईना, बराच वेळ लघवी झाली नाही, जुलाबातून रक्त आलं किंवा पोटात काहीच टिकेना, तर घरगुती उपाय पुरे. थेट दवाखाना. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर आधी दवाखानाच.

त्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला चिऊ म्हणाली, "बाबा, शू." नोकरीतल्या कुठल्याही प्रमोशनचा मला इतका आनंद झाला नव्हता.

चिऊ बरी झाली आणि मी मात्र या विषयाला चिकटलो. पहिला प्रश्न पडला तो नळाच्या पाण्याचा. अबू धाबीत ना नदी ना धरण. आमच्या नळाला येतं ते समुद्राचं पाणी, गोडं केलेलं. दुबईच्या रस्त्यावर तवीला इथं जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक रिव्हर्स ऑस्मॉसिस प्रकल्प आहे. त्याची क्षमता रोज नव्वद कोटी लिटरहून जास्त. घरोघरी ओट्यावर असतो तो आरओ म्हणजे त्याचंच पिल्लू.

नावातच सगळं आहे. पडद्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं. बाणाच्या नियमानं गोडं पाणी खाऱ्याकडे जायला हवं. पण खाऱ्या बाजूनं त्या ओढीपेक्षा जास्त दाब दिला तर बाण उलटतो, पाणी गाळून गोड्या बाजूला येतं, मीठ मागे राहतं. हा दाब किती? साधारण ५५ ते ७० बार. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या पंचवीस-तीस पट हवा कल्पून बघा. इतका दाब सोसणारा आणि तरी भराभर पाणी सोडणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, तयार झाला. करणारे दोघे, सिडनी लोएब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन. आखातात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या चहात त्या दोघांचा हात आहे.

या प्रकल्पाबद्दल वाचताना एका गोष्टीवर मी थबकलो. आत आलेल्या सगळ्या पाण्याचं गोडं पाणी होत नाही. निम्म्याहून जास्त पाणी, आधीपेक्षा खारट होऊन, परत समुद्रात सोडावं लागतं. ते सोडलं नाही तर पडद्यापाशी मीठ साठत जाईल आणि कितीही दाब दिला तरी काम थांबेल. आपली मूत्रपिंडंही हेच करतात. दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत घेतात, आणि नको ते दीड-दोन लिटरांत बाहेर टाकतात. समुद्रात अडकलेल्या माणसानं खारं पाणी प्यायचं नाही ते याचसाठी. ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. थोडक्यात, मिठाला बाहेर जायची वाट हवी.

हे कळलं आणि मला आमचं कृष्णाकाठचं रान आठवलं.

आमचं तीन एकर रान. उसाचं. त्यातला खालच्या अंगाचा एकर गेली काही वर्षं पिवळा पडतोय. आण्णा, म्हणजे माझे वडील, दर फोनला सांगायचे, "ऊस तहानल्यावानी दिसतोय, पाणी पुरंना." मागच्या वर्षी मी पैसे पाठवले, नवी मोटर बसवली. आण्णांनी पाणी वाढवलं, खताचा हप्ताही वाढवला. ऊस आणखी पिवळा पडला. फोनवर आमची दोघांची चांगलीच जुंपली होती. मी म्हणायचो, मोटर नीट चालवत नाही, ते म्हणायचे, तिथं बसून तुला काय दिसतंय.

डिसेंबरनंतर मी त्यांना सांगितलं, त्या एकरातला एक फोटो पाठवा, अगदी जवळून. फोटोत मातीवर पांढरी पापुद्री दिसत होती. आण्णांना ती नवी नव्हती, "क्षार फुटलेत" असं ते म्हणायचेच. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी अशी क्षारपड झालेली रानं गावोगाव आहेत. जमीन काळी, भारी. पाट आणि मोटर आल्यावर पाणी भरपूर दिलं, निचरा नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. ते पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं, आणि त्यातले क्षार मुळांपाशी ठेवून जातं. वर्षानुवर्षं.

उसाचं मूळ पाणी घेतं ते त्याच बाणानं. मुळाच्या पेशीत विरघळलेलं जास्त, मातीच्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत. मातीतले क्षार वाढले की ओढ कमी होत जाते आणि मुळाला पाणी घेणं जड जातं. ऊस पाण्यात उभा असतो आणि तहानलेला असतो. वरून जास्त पाणी दिलं की पातळी आणखी वर, क्षार आणखी वर. खताचेही क्षारच. म्हणजे मी पैसे पाठवून रानाला सफरचंदाचा रसच पाजत होतो.

हे मी आण्णांना फोनवर सांगितलं. चिऊच्या जुलाबाची सगळी गोष्ट सांगून, डॉक्टर बाईंचा चौकोन कॅमेऱ्यापुढं धरून. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे पाणी हाय, पण पिता येत न्हाई, असं झालंय व्हय त्याला?"

"हो आण्णा. तसंच."

"मग लेका, मोटर कशाला घेतली आपण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागून आईचा आवाज आला, "अंदाजानं."

फेब्रुवारीत आण्णांनी माती तपासून आणली. मातीत किती क्षार आहेत ते तिच्या ईसीवरून, म्हणजे विद्युत वाहकतेवरून कळतं. चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. आमची सहाच्या वर निघाली. उपाय माहीत आहे. जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोकं पाडलेले पाइप घालायचे, वरून दिलेल्या पाण्यात क्षार विरघळून त्या पाइपांतून नाल्याला जाऊ द्यायचे. पण नाला चार बांध ओलांडून आहे. एकट्याच्या रानात पाइप घालून भागत नाही, खालच्या शेतकऱ्यांनी वाट द्यावी लागते. त्यातल्या एका चुलत्याशी आण्णांचं बारा वर्षं बोलणं नाही.

मे महिन्यात आम्ही गावी जाणार आहोत. चिऊला आजीच्या लोणच्याची बरणी भरायची आहे आणि मला चुलत्यांच्या घरी जायचं आहे. आण्णा येतो म्हणालेत, पण बोलणार तूच, अशी अट आहे. आईनं मला बजावलंय, तिथं गेल्यावर शास्त्र सांगत बसू नकोस, त्यांच्याही रानात क्षार फुटलेत, तेवढंच विचार. नव्या मोटरचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ओआरएसची पाकिटं मात्र घरात आणि बॅगेत दोन्हीकडे आहेत, आणि स्वयंपाकघरात एका छोट्या चमच्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय. तो मापाचा चमचा. त्याला चहासाठी कुणी हात लावायचा नाही.